शिसं, पारा, आर्सेनिक आणि प्रतिकारशक्ती : वाचक विचारतात

विषारी धातू शरीरात गेल्यावर प्रतिकारशक्तीचं काय होतं, याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं आमच्या वैद्यकीय सल्लागारांची आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी रंगांच्या कारखान्यात काम करतो. शिशामुळे प्रतिकारशक्ती खचते असं वाचून रक्तपेशींची मोजणी आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या तपासण्या करून घेतल्या. सगळं नॉर्मल आलं. आता निर्धास्त राहू ना?

नका राहू. या तपासण्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतच नाहीत. प्रतिकारशक्ती म्हणजे काही टाकीतलं पाणी नव्हे, की पातळी बघितली आणि कळलं. तिच्यात वेगवेगळ्या पेशींनी कामं वाटून घेतलेली असतात आणि धातू बहुतेक वेळा पेशींची संख्या न घटवता ही वाटणीच बिघडवून टाकतात.

शिशाचंच घ्या. टी पेशी म्हणजे जंतू ओळखून प्रतिकार जागा करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. त्यांतल्या मदतनीस टी पेशींचे दोन मोठे गट असतात. टीएच-१ हा गट पेशींच्या आत दडून बसणारे जंतू आणि विषाणू यांच्यावर भक्षक पेशींना सोडतो. टीएच-२ हा गट जंतांशी लढतो, आणि अ‍ॅलर्जीच्या मुळाशीही तोच असतो. शिसं पारडं टीएच-२ कडे झुकवतं. त्याच वेळी भक्षक पेशींची नायट्रिक ऑक्साइड तयार करून जंतू मारण्याची ताकद घटते, पण दाह पेटवणारं टीएनएफ हे द्रव्य मात्र जास्त सुटतं. जंतू मरत नाहीत आणि दाह तेवढा होत राहतो. प्रयोगशाळेत हे फार पूर्वीच दिसलं होतं. १९६६ साली लेड अ‍ॅसिटेट दिलेल्या उंदरांना एरवी सहज सोसणारी जीवाणूविषाची मात्रा प्राणघातक ठरली. १९७१ साली शिसं दिलेले उंदीर साल्मोनेलाच्या संसर्गाने जास्त प्रमाणात दगावले. असला बिघाड पेशींच्या साध्या मोजणीत दिसत नाही.

धातूंना हे जमतं याची दोन मुख्य कारणं आहेत. पारा, आर्सेनिक, कॅडमियम, शिसं हे प्रथिनांतल्या गंधकाला घट्ट चिकटतात. त्यामुळे एंझाइम बंद पडतात आणि पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य खर्ची पडतं. दुसरं कारण सोंगाचं. शिसं कॅल्शियमच्या आणि जस्ताच्या जागी जाऊन बसतं, कॅडमियम जस्ताच्या जागी. टी पेशींना जागं करणारा संदेश पेशीत कॅल्शियमच्याच वाटेने जातो आणि टी पेशींची घडण होते त्या थायमस ग्रंथीचं संप्रेरक जस्ताशिवाय चालत नाही. नेमक्या जागी नेमका तोतया बसतो, म्हणून थोडी मात्राही भारी पडते.

तेव्हा तपासायचा तो धातू. पण कुठल्या धातूसाठी कुठला नमुना द्यायचा हे ठरलेलं आहे, आणि बहुतेक चुका इथेच होतात. शिसं रक्तात मोजतात, तेही शिरेतून घेतलेल्या. पाऱ्याची वाफ किंवा पाऱ्याचे क्षार यांच्यासाठी लघवी लागते, तर माशांतून येणाऱ्या मिथाइल पाऱ्यासाठी रक्त. आर्सेनिक रक्तातून काही तासांत निघून जातं, म्हणून लघवीच तपासायची. त्याआधी चार-पाच दिवस समुद्री मासे आणि शिंपले बंद ठेवायचे, कारण त्यांच्यातलं निरुपद्रवी आर्सेनोबेटेन आकडा उगाच फुगवतं. कॅडमियमसाठी रक्त अलीकडचा संपर्क सांगतं आणि लघवी आयुष्यभराचा साठा. निकेल आणि बेरिलियमची गोष्ट निराळी आहे. तिथे शरीरात धातू किती आहे याला फारसा अर्थ नसतो, टी पेशींनी त्याची ओळख धरली आहे का हे बघावं लागतं. तुम्ही रंगात काम करता, तर रक्तातलं शिसं तपासा. पत्रासोबतच्या अहवालांत नेमकी तीच तपासणी नाही.

प्रश्न : नवरा जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढण्याच्या कामावर आहे. तीन वर्षांच्या मुलीला सारखी सर्दी होते. बोट टोचून केलेल्या तपासणीत तिच्या रक्तात शिसं १२ निघालं. सर्दी त्यामुळेच का? औषध कुठलं द्यायचं?

आधी आकडा पक्का करा. बोटाच्या कातडीवर शिशाची धूळ असेल तर टोचलेल्या थेंबात ती मिसळते आणि आकडा खोटाच वाढतो. म्हणून शिरेतून घेतलेल्या रक्ताची तपासणी लागते. १२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर इतकं आलं असेल तर ती एका महिन्याच्या आत व्हावी. २० ते ४४ असतं तर दोन आठवड्यांत आणि ४५ किंवा जास्त असतं तर ४८ तासांत. हातावर साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि पुसल्यावर तिला कशालाही हात लावू द्यायचा नाही, एवढं बोट टोचण्याआधी केलं असतं तर निम्मा संशय तिथेच फिटला असता.

आकडा खरा ठरला तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२१ पासून मुलांसाठी ३.५ ही संदर्भपातळी धरली आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ पासून पुढे स्रोत शोधायला सांगते. या दोन्ही 'सुरक्षित' पातळ्या नाहीत. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी कुणालाही सापडलेली नाही. सर्दीचं म्हणाल, तर या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं सर्वसाधारण आहे. तिचा दोष थेट शिशावर टाकता येत नाही. रक्तात १० पेक्षा कमी शिसं असलेल्या मुलांतही अ‍ॅलर्जीशी जोडलेली आयजीई प्रतिपिंडं वाढलेली दिसली आहेत, त्यामुळे तिला दमा, इसब किंवा शिंकांचा त्रास असेल तर डॉक्टरांना तेही जरूर सांगा. पण शिसं काढायचं ते सर्दीसाठी नव्हे. या वयात मेंदूची हानी हा त्याहून कितीतरी मोठा धोका आहे.

औषध कुठलंही नको. चिलेशनची, म्हणजे धातूला धरून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं साधारण ४५ आणि त्यापुढे देतात. २० ते ४४ पातळीच्या ७८० मुलांवर सक्सिमर या औषधाची रीतसर चाचणी झाली होती. रक्तातलं शिसं उतरलं, पण बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. तो निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. शिवाय घरात शिसं येतच राहिलं तर औषधाने उतरलेला आकडा परत चढतो.

म्हणजे करायचं काम घरात आहे. नवऱ्याने कामाचे कपडे आणि बूट कामावरच ठेवायचे, तिथेच डोकं धुऊन अंघोळ करून दुसऱ्या कपड्यांत निघायचं. तिथे सोय नसेल तर घरात पाऊल टाकण्याआधी बाहेरच कपडे बदलून ते पिशवीत बांधायचे आणि थेट न्हाणीघरात जायचं. मुलीला उचलून घेणं त्यानंतर. ते कपडे कधीच झटकायचे नाहीत, बाकीच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, आणि धुऊन झाल्यावर बादली किंवा मशीन रिकामं खळबळून घ्यायचं. वाहनाची बैठकही पुसायची, ती नेहमी विसरली जाते. घरात कोरडा झाडू बंद. झाडूने जड धूळ जात नाही, बारीक धूळ तेवढी उडते आणि मुलांच्या हाताला लागते. फरशी आणि खिडक्यांच्या चौकटी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, फडकं दुसऱ्या बादलीत खळबळा, ते पाणी अंगणात न टाकता संडासात ओता. खेळणी रोज धुवा. जेवणाआधी आणि झोपण्याआधी तिचे हात धुवा.

तिचं लोह तपासून घ्या. आतड्यात लोहाला आत घेणारी वाहक प्रथिनं शिशालाही घेतात आणि लोह कमी असलं की ती वाढतात. लहान मुलं गिळलेल्या शिशातलं ४० ते ५० टक्के शोषतात, मोठी माणसं साधारण १० टक्के. उपाशीपोटी हे प्रमाण आणखी वाढतं, म्हणून तिला फार वेळ रिकाम्या पोटी ठेवू नका.

पुढची तपासणी एक ते तीन महिन्यांनी करा. आकडा हळूहळूच उतरेल. रक्तातल्या शिशाचं अर्धायुष्य महिनाभराचं असलं तरी हाडांत मुरलेलं शिसं रक्तात झिरपत राहतं. मोठ्यांच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक शिसं हाडांतच असतं आणि तिथे ते दशकानुदशकं टिकतं. नवऱ्याचंही रक्त तपासा. घरात कुणी गरोदर असेल तर तिचंही, कारण गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हाडांतलं कॅल्शियम सुटतं आणि त्यासोबत शिसंही.

प्रश्न : रक्तात शिसं असलेल्या मुलाचं लसीकरण पुढे ढकलावं का?

अजिबात नको. वेळापत्रकाप्रमाणे सगळ्या लशी द्या. शिशाने संसर्गाशी लढायची ताकद थोडी जरी घटत असेल, तर लशीची गरज उलट वाढते.

प्रश्न : आमच्या कूपनलिकेच्या पाण्यात आर्सेनिक ६० निघालं आहे. घरात दोन महिन्यांचं बाळ आहे. पाणी वीस मिनिटं उकळून वापरतो. एवढं पुरेल का?

उकळणं आधी थांबवा. उकळल्याने जंतू मरतात, पण धातू भांड्यातच राहतो आणि पाणी मात्र वाफ होऊन जातं. दहा लिटरमधलं एक लिटर उडालं, की ६० मायक्रोग्रॅमचे जवळपास ६७ होतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. कोळशाची साधी गाळणी, क्लोरिनच्या गोळ्या, अतिनील दिवा यांपैकी एकही एकट्याने आर्सेनिक काढत नाही.

बाळासाठी चांगली गोष्ट अशी, की आईने आर्सेनिकचं पाणी प्यायलं तरी तिच्या दुधात ते फारच कमी उतरतं. तेव्हा सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या. वरून एक चमचाही पाणी नको. घातक ठरतं ते याच पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध.

प्रतिकारशक्तीवर आर्सेनिकचा परिणाम सगळ्यात ठळक दिसतो तो गर्भात आणि पहिल्या वर्षांत. बांगलादेशात गरोदर मातांच्या लघवीतलं आर्सेनिक आणि बाळांची थायमस ग्रंथी यांचा मेळ घातला गेला, तेव्हा आर्सेनिक जास्त तिथे ग्रंथी लहान दिसली. अशा बाळांना श्वसनाचे संसर्गही जास्त होतात. टी पेशी आर्सेनिकमुळे इंटरल्युकिन-२ हे त्यांना वाढायला लावणारं द्रव्य कमी बनवतात आणि त्यांची वाढ मंदावते. याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणीही मिळतो. आर्सेनिक ट्रायऑक्साइड हे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावरचं प्रभावी औषध आहे, आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये शरीरात निपचित पडलेला नागिणीचा विषाणू उठून बसतो.

मोठ्या लोकसंख्येत काय घडतं हे चिलीच्या उत्तरेतल्या आंतोफागास्ता शहराने दाखवलं. १९५८ मध्ये शहराला नद्यांचं नवं पाणी जोडलं, त्यात आर्सेनिक ८६० मायक्रोग्रॅमच्या घरात होतं. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं आणि ते झपाट्याने उतरलं. इतका स्वच्छ आरंभ आणि शेवट साथीच्या अभ्यासात क्वचितच मिळतो. त्या भागात फुप्फुसाच्या क्षयाने होणारे मृत्यू वाढले आणि पाणी सुधारल्यावरही ती वाढ बरीच वर्षं टिकली. त्या बारा वर्षांत गर्भात किंवा बाल्यात असलेली माणसं पुढे तरुणपणीच, वारंवार संसर्ग होऊन श्वासनलिका कायमच्या फुगण्याच्या आजाराने इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त मरण पावली. तुमच्या पाण्यातलं प्रमाण त्याच्या चौदाव्या हिश्शाइतकं आहे, पण बाळ नेमकं त्या वयाचं आहे.

आता उपाय. जवळपास १० च्या आत असलेला दुसरा स्रोत मिळत असेल तर तोच पिण्यासाठी आणि शिजवण्यासाठी वापरा. यापेक्षा भरवशाचं यंत्र नाही. अंघोळ आणि कपडे धुणं जुन्या पाण्याने चालेल, कातडीतून आर्सेनिक फारसं आत जात नाही. दुसरा स्रोत नसेल तर आरओ, पण नीट विचारून. जमिनीतल्या पाण्यात आर्सेनिक दोन रूपांत असतं. आर्सेनेटवर विद्युतभार असतो, त्याला आरओचा पडदा अडवतो. आर्सेनाइटवर नेहमीच्या पाण्यात भार नसतो, म्हणून ते बऱ्यापैकी निसटून जातं. त्यावर उपाय म्हणजे आधी क्लोरिनने आर्सेनाइटचं आर्सेनेट करायचं, मग कोळशाच्या गाळणीने उरलेला क्लोरिन काढायचा आणि शेवटी पडदा. क्रम चुकला तर क्लोरिन पडदाच खाऊन टाकतो. यंत्र बसवल्यावर बाहेर पडणारं पाणी प्रयोगशाळेत तपासा, आणि पुढेही दर सहा महिन्यांनी. चव, रंग, वास यांवरून काहीच कळत नाही. नमुना देण्याआधी पंप काही मिनिटं चालवा आणि बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या.

प्रश्न : चेहरा उजळण्याचं एक क्रीम पाच महिने लावते आहे. आता पायांवर सूज आली आहे आणि लघवीला फेस येतो. याचा क्रीमशी संबंध असेल का?

असू शकतो. आजच डॉक्टरांकडे जा आणि क्रीमची डबी सोबत न्या. लघवीतलं प्रथिन, रक्तातलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि लघवीतला पारा, एवढ्या तपासण्या लगेच हव्यात. क्रीम या क्षणापासून बंद.

अशा काही क्रीममध्ये कॅलोमेल किंवा पाऱ्याचे दुसरे क्षार असतात. ते रंगद्रव्य बनवणारं एंझाइम रोखतात, म्हणून गुण लवकर दिसतो. पारा कातडीतून आत जातो आणि प्रतिकारयंत्रणेला स्वतःच्याच मूत्रपिंडावर उलटवतो. प्रतिपिंडं गाळणीच्या पडद्याला चिकटून बसतात, पडदा गळका होतो, दिवसाला साडेतीन ग्रॅमहून जास्त प्रथिन लघवीतून जायला लागतं आणि सूज येते. या आजाराला मेंब्रेनस नेफ्रोपथी म्हणतात. पाऱ्यामुळे झालेल्या आजारात एनईएलएल-१ (NELL-1) या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं पुष्कळदा सापडतात, म्हणून मूत्रपिंडाचा तुकडा तपासला तर त्याची विचारणा करा. पारा कारण आहे हे कळणं फार महत्त्वाचं, कारण केवळ क्रीम थांबवून अनेकांचं मूत्रपिंड काही महिन्यांत सावरतं. नाहीतर वर्षभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं खावी लागतात आणि शेजारी तेच क्रीम चालू असतं.

तेच क्रीम लावणाऱ्या दुसऱ्या कुणाला काही झालं नसेल तर फसू नका. उंदरांच्या काही जातींत पाऱ्याने फायब्रिलारिन या स्वतःच्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि दुसऱ्या जातींत तितक्याच पाऱ्याने काहीच होत नाही. फरक जनुकांचा असतो. तरीही घरातल्यांची लघवी तपासा. टॉवेल, उशीचे अभ्रे, हात यांवरून पारा मुलांपर्यंत पोचतो. डबीवर घटकांची यादी नसणं, 'कॅलोमेल', 'मर्क्युरिक' असे शब्द असणं, किंवा चांदी-सोन्याच्या दागिन्यांना लागू देऊ नका अशी सूचना असणं ही धोक्याची खूण आहे. पारा सोन्याचांदीशी मिसळतो, ती सूचना त्यासाठीच असते. डबी कचऱ्यात टाकू नका, घट्ट पिशवीत बंद करून तपासणीसाठी ठेवा.

प्रश्न : थर्मामीटर फुटून पारा फरशीवर सांडला. मुलाने थोडा गिळला असावा.

गिळलेल्याची काळजी कमी करा. धातुरूपातला पारा आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही, शौचातून निघून जातो. काच गिळली नाही ना, एवढं बघा. धोका वाफेचा आहे, कारण श्वासातून गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के शरीरात राहते. मुलांना आणि जनावरांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, आतलं दार लावून घ्या. झाडू नाही आणि व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही, त्याच्या गरम हवेने पाऱ्याची वाफ घरभर होते. हातमोजे घालून दोन कडक कागदांनी थेंब एकत्र लोटा, ड्रॉपरने उचला, उरलेले बारीक कण चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. विजेरी आडवी धरली की फटीतले कण चमकतात. पारा लागलेली सतरंजी धुऊ नका, टाकून द्या. पारा मोरीत ओतू नका. खोली निदान दिवसभर उघडी ठेवा.

प्रश्न : पट्ट्याच्या बकलाखाली आणि कानांत सतत खाज येऊन चट्टे उठतात. रक्तातलं निकेल नॉर्मल आहे, मग हे निकेलचं कसं?

अ‍ॅलर्जीत रक्तातल्या प्रमाणाला अर्थ नाही, ती तपासणी वाया गेली. घामातले क्षार धातूतून निकेलचे आयन सोडवतात आणि ते कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात. टी पेशी एकदा ती जोडी ओळखू लागल्या की ती ओळख सहसा जन्मभर राहते. निकेलचं एक वेगळेपण २०१० मध्ये उलगडलं. जीवाणूंचं विष हेरणारा टीएलआर-४ हा पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर) माणसात असा घडलेला आहे, की त्यावरच्या हिस्टिडिन या घटकांना निकेल थेट जाऊन बसतं आणि संसर्ग नसतानाच धोक्याची घंटा वाजते. उंदरांच्या ग्राहकात ते हिस्टिडिन नाहीत, म्हणून उंदरांना निकेलची अ‍ॅलर्जी सहजी होत नाही.

निदानासाठी पॅच टेस्ट करा. व्हॅसलीनमध्ये ५ टक्के निकेल सल्फेट पाठीवर ४८ तास चिकटवतात. पट्टी काढताना एकदा बघून थांबू नये, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा आणि जमल्यास सातव्या दिवशीही बघावं. उशिरा उठणाऱ्या प्रतिक्रिया पहिल्या पाहणीत सुटतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा पाठीवर स्टेरॉइड मलम लावलं असेल तर निकाल खोटा नकारात्मक येतो. घरातल्या वस्तूंसाठी डायमिथाइलग्लायॉक्झिमचा संच मिळतो. कापसावर थेंब टाकून वस्तूवर तीसेक सेकंद घासायचं, कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. युरोपीय संघाची मर्यादा कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूंसाठी आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम आणि टोचलेल्या भोकांतल्या दागिन्यांसाठी ०.२ आहे. बकलावर नेलपॉलिश लावण्याचा उपाय घासून जाईपर्यंतच टिकतो. कानांत टायटॅनियम घाला.

प्रश्न : एका केंद्रात केसांची तपासणी करून 'पाच धातू वाढलेत' असं सांगितलं. मग गोळी देऊन लघवी तपासली, तर आकडे आणखीच वाढले. प्रतिकारशक्तीसाठी चिलेशनची सलाइन आणि जस्ताच्या गोळ्या घ्यायला सांगतात. घ्याव्यात का?

घेऊ नयेत. केसांवर धूळ, पाणी, रंग, शाम्पू यांतले धातू बाहेरून चिकटतात आणि प्रयोगशाळेला ते आतल्यांपासून वेगळे काढता येत नाहीत. केसांचा खरा उपयोग मिथाइल पाऱ्यासाठी होतो. गोळी देऊन केलेली लघवीची तपासणी तर त्याहून वाईट. चिलेशनचं औषध दिलं की निरोगी माणसाच्याही लघवीत धातू वाढतात, औषधाचं कामच ते. मग तो आकडा औषध न घेतलेल्यांच्या नॉर्मल आकड्यांशी लावला, की जगातला प्रत्येक जण विषबाधित ठरतो. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजी या विषतज्ज्ञांच्या संस्थेने अशा तपासणीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट म्हटलं आहे.

सलाइनचा धोका जिवावरचा आहे. सलाइनमधून देतात त्या ईडीटीए या चिलेशनच्या औषधाचे दोन क्षार आहेत. कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए शिशाच्या गंभीर विषबाधेत देतात. नुसतं डायसोडियम ईडीटीए रक्तातलं कॅल्शियमच ओढून घेतं आणि हृदय थांबू शकतं. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात चिलेशनदरम्यान कॅल्शियम कोसळून तीन जण मरण पावले, त्यांतली दोन मुलं होती. आणि ज्या प्रतिकारशक्तीसाठी हे करायचं, तिचंच यात नुकसान होतं. ही औषधं शिशाबरोबर जस्तही बाहेर काढतात, सक्सिमरने काहींच्या न्युट्रोफिल या पांढऱ्या पेशी घटतात. जस्ताच्या गोळ्यांनाही सीमा आहे. मोठ्या माणसाला दिवसाला ४० मिलिग्रॅम ही कमाल मात्रा आहे. त्याहून खूप जास्त जस्त महिनोन्‌महिने घेतलं की तांब्याची कमतरता होऊन त्याच न्युट्रोफिल पेशी कमी होतात. पत्रातल्या चिठ्ठीवर दिवसाला १५० मिलिग्रॅम लिहिलं आहे. ते थांबवा. घेऊन दोन महिने झाले असतील तर रक्तातलं तांबं आणि पेशींची मोजणी करून घ्या.

प्रश्न : कॅडमियमचा संबंध फक्त कारखान्यांशीच असतो का?

नाही. तंबाखूचं रोप जमिनीतलं कॅडमियम पानांत साठवतं. एका सिगारेटमध्ये साधारण एक ते दोन मायक्रोग्रॅम असतं, त्यातलं दहाव्या हिश्शाच्या आसपास श्वासात जातं आणि मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षं राहतं. ते काढणारं भरवशाचं औषध नाही. कारखान्यांत सगळ्यात तातडीचा धोका कॅडमियमयुक्त चांदीच्या झाळणीचा. धूर घेतल्यावर काही तास काहीच वाटत नाही, मग फ्लूसारखा ताप, खोकला, आणि पुढे फुप्फुसांत पाणी. अशा कामानंतर त्याच रात्री दम लागला तर सकाळची वाट बघू नका.

प्रश्न : तांबं-बेरिलियमच्या मिश्रधातूवर दहा वर्षं यंत्रकाम केलं, ते सोडूनही सहा वर्षं झाली. आता फुप्फुसांत गाठी दिसल्या आणि सारकॉइडोसिस असं निदान झालं. बेरिलियमची शंका घ्यावी का?

जरूर घ्यावी. सारकॉइडोसिस म्हणजे प्रतिकारपेशींच्या गाठी होण्याचा, नेमकं कारण न कळलेला आजार. त्यातल्या आणि बेरिलियमच्या आजारातल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. १९४० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरोसंट दिव्यांच्या कामगारांमध्ये बेरिलियमचा आजार आढळला, तेव्हाही आधी सारकॉइडच समजला गेला होता. काम सोडल्यावर कैक वर्षांनी तो डोकं वर काढू शकतो. इथे विषाची मात्रा नव्हे, टी पेशींची ओळख आजार घडवते. टी पेशींना परकी द्रव्यं दाखवणारं एक प्रथिन एचएलए-डीपीबी१ या जनुकावरून बनतं. त्यात ६९ व्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिड असलेल्यांना धोका जास्त, कारण बेरिलियम नेमकं त्या प्रथिनाच्या खाचेत बसतं.

मागायची तपासणी म्हणजे बेरिलियम लिम्फोसाइट प्रोलिफरेशन टेस्ट. तुमच्या पेशी बेरिलियमच्या क्षारासोबत वाढवून त्या किती विभागतात हे मोजतात. जिवंत पेशी लागतात, म्हणून रक्त २४ तासांत प्रयोगशाळेत पोचलं पाहिजे. आठवड्याच्या शेवटी नमुना देऊ नका. एका निकालावर निर्णय नको, दोनदा असामान्य आला तरच बेरिलियमची संवेदनशीलता पक्की धरतात. स्टेरॉइड आधीच सुरू असतील तर पेशी दबलेल्या असतात, म्हणून शक्य असेल तर औषध सुरू होण्याआधी नमुना द्या. रक्ताचा निकाल नकारात्मक आला आणि शंका दाट असेल, तर फुप्फुस धुऊन काढलेल्या पेशींवर हीच तपासणी होते. उपचार दोन्ही आजारांत बरेचसे सारखे असले तरी निदान बदललं तर तुमच्या जुन्या सहकाऱ्यांनाही बोलावून तपासावं लागेल. डॉक्टरांना त्या दहा वर्षांतलं काम तपशिलात लिहून द्या : कुठला मिश्रधातू, कोरडं घासकाम होतं की पाण्याखाली, धूळ ओढणारी यंत्रणा होती की नव्हती, आणि कामाचे कपडे घरी कोण धूत होतं.